चौथा विषय

नीटचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांसमोर उभ्या होतो. मी सणसरची, ती भवानीनगरची. पाचवीपासून एका बाकावर बसलो, बारावी एकाच वर्गात केली आणि डॉक्टरकीचा नंबर हुकला तोही दोघींचा एकदमच. पुन्हा परीक्षा द्यायची हे दोघींच्याही घरी ठरलं होतं. पण वर्षभर घरात बसून अभ्यास करायचा म्हटलं की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस "काय करती सध्या?" असं विचारतो, आणि त्याला उत्तर द्यायला आईबापांना जड जातं. म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालायचं आणि त्याच्या आडून नीटचा अभ्यास करायचा, असं ठरलं. अशा मुली आमच्या वर्गात पुढे पंधरा-वीस तरी निघाल्या.

सरांनी आमच्या दोघींच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. मग दोन कोरे कागद घेतले आणि पट्टी लावून त्यावर आठवड्याचे रकाने आखले.

"वर्षाचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी पहिलं सेमिस्टर. चार विषय घ्यायचे आहेत. थिअरी सकाळी. प्रत्येक विषयाचं आठवड्याला एक प्रॅक्टिकल, म्हणजे चार दुपारी गेल्या. राहिल्या दोन. त्यात जर्नलं पुरी करायची, गावाकडनं जायचं-यायचं आणि वर नीट. सगळंच करीन म्हटलं तर काय होईल?"

"काहीच व्हनार न्हाय," ती म्हणाली.

सर हसले. त्यांना ती लगेच आवडली, हे मला दिसलं.

केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी हे तीन विषय दोघींचे सारखेच राहणार होते. प्रश्न होता चौथ्याचा. माझ्या कागदावर त्यांनी भूगोल लिहिला. माझं फिजिक्स बरं होतं, ते मी घरी करू शकत होते. भूगोलाचं प्रॅक्टिकल लवकर संपतं, जर्नल सोपं असतं, त्यामुळे एक दुपार जवळजवळ मोकळी मिळणार होती. तिच्या कागदावर त्यांनी फिजिक्स लिहिलं.

"सर, भूगोल हलका हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे की. पण तुला त्याचा उपयोग काय? नीटला भूगोल विचारत नाहीत. बॉटनी-झूलॉजी तुझं झालेलं आहे, वर्गात नुसती बसलीस तरी चालेल. फिजिक्स तुझं कच्चं आहे. जे कच्चं आहे तिथं शिकवणारा माणूस समोर लागतो. वर्गात एकदा झालं की घरी फक्त गणितं सोडवायची." मग आम्हा दोघींकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही मैत्रिणी आहात म्हणून दोघींचं पहिलं सेमिस्टर सारखं असलं पाहिजे असं नाही. आणि गॅदरिंग, एनएसएस, वर्गप्रतिनिधी, यातलं काही घेऊ नका. पहिले सहा महिने कुणी बोलावलं तर नाही म्हणायला शिका."

एवढा विचार आमच्यासाठी तोवर कुणी केला नव्हता. आमच्या घरी अभ्यास म्हणजे किती तास बसलीस एवढंच विचारायचे. काय कमी करायचं, हे सांगणारा तो पहिला माणूस.

फॉर्म दुसऱ्या दिवशी भरायचा होता. त्या दुपारी स्टँडवर बसची वाट बघताना आम्ही दोन्ही कागद मांडीवर ठेवून बसलो होतो. फिजिक्सचं प्रॅक्टिकल बुधवारी होतं, भूगोलाचं शुक्रवारी. म्हणजे बुधवारी ती थांबणार आणि मी एकटी घरी जाणार. शुक्रवारी उलटं.

"आपली बस चुकणार की गं," मी म्हणाले.

"दोनच दिवस."

"दोन दिवस कुठं? बॅचच बदलणार. तुझी बॅच वेगळी पडली की केमिस्ट्रीलापन वेगळ्या टेबलावर."

मी बोलतच राहिले. "फिजिक्सचं काय एवढं? मी शिकवीन की तुला. रोज एक तास. बसमध्ये पाऊण तास नुसता खिडकीतनं बघन्यात जातो. रविवारी मी येते तुझ्याकडं. वर्गात ऐंशी पोरं असतात, तितं कोण तुला विचारनार हाय, कळलं का म्हणून?"

"सर म्हनले ते पटतंय पण मला."

"सरांना काय म्हायती आपलं?"

मी हे का केलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळं देत आले. आधी म्हणायचे, एकटीला भीती वाटत होती. ते खरंच होतं. नव्या कॉलेजात एकटीनं कॅन्टीनसमोरून चालत जायचीही मला धास्ती वाटायची. पण दुसरंही एक होतं. बायोलॉजीत ती माझ्या पुढे होती, केमिस्ट्रीत बरोबरीला होती. वर्गात फिजिक्स शिकून ते पक्कं झालं असतं तर ती मला मागे टाकून निघून गेली असती. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. शब्दांत नव्हतं, पण सरांनी तिच्या कागदावर फिजिक्स लिहिलं तेव्हा मी तिच्या गुणपत्रिकेतले फिजिक्सचे गुण पुन्हा एकदा वाचले होते, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या क्लार्कबाईंनी तिचा फॉर्म बघून विचारलं, "भूगोल? नक्की ना? मागनं बदलून मिळत न्हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "व्हय, नक्की," ती म्हणाली.

सुरुवातीचे तीन महिने मी शब्द पाळला. सकाळची बस भवानीनगरला आली की ती चढायची, मी धरून ठेवलेल्या जागेवर बसायची आणि वही उघडायची. कारखान्याचा भोंगा, दुधाच्या गाड्या, मध्येच चढणारी शाळेची पोरं, या सगळ्यात मी तिला गती शिकवली, घर्षण शिकवलं, कामाचं आणि शक्तीचं प्रकरण शिकवलं. ती एकच शंका तीनदा विचारायची. तिला सूत्र पाठ करून चालायचं नाही, ते कुठून आलं हे बघायचं असायचं. "पन हितं वजा का आलं?" असं म्हणून ती पेन्सिल धरून थांबायची. मला पुढे जायची घाई असायची.

आणि ती मला बॉटनी द्यायची. द्यायची म्हणजे तयार करून द्यायची. वनस्पतींच्या कुळांची तिनं अशी काही यादी बांधली होती की एकदा वाचली की विसरताच यायची नाही. आकृत्या तिच्या इतक्या स्वच्छ असायच्या की बॉटनीचे सर तिचं जर्नल पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घ्यायचे. मी तिच्या वहीवरून माझ्या वहीत उतरवून घ्यायचे. तिच्या डब्यात तिची आई दोघींपुरतं देत होती. माझ्या डब्याची पोळी मी पुष्कळदा घरी तशीच परत न्यायचे.

झूलॉजीच्या सरांनी मला एकदा व्हरांड्यात गाठलं. "तुझी मैत्रीण फिजिक्सच्या वर्गात दिसत नाही. तिथले सर म्हणत होते."

"तिनं भूगोल घेतला, सर."

"का?"

"झेपणार नाही वाटलं तिला," मी म्हणाले.

मी त्या दिवशी बसमध्ये तिला दोन धडे शिकवले, एक जास्तीचा.

दिवाळीआधी सेमिस्टरची परीक्षा झाली. दोघींनाही चांगले गुण पडले. भूगोलात तर ती पहिली आली, आणि त्यावर आम्ही खूप हसलो. नकाशावर उंचीच्या रेषा काढणारी ही डॉक्टर, असं मी तिला चिडवलं. पण दिवाळीनंतर नीटचे सराव पेपर सोडवायला घेतले आणि हसणं थांबलं. तिच्या फिजिक्सच्या पानावर लाल खुणा इतक्या असायच्या की चुकीच्या उत्तरांचे गुण वजा होऊन हातात काही उरायचंच नाही. मला तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार होतं. माझा स्वतःचा अर्धा अभ्यासक्रम तसाच पडला होता.

त्याच सुमारास बारामतीत एका क्लासनं चार महिन्यांची खास बॅच काढली. दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर आणि रविवारी पूर्ण दिवस. थोड्याच जागा होत्या. माझ्या वडिलांनी माझं नाव घातलं. मी तिला सांगितलं नाही.

खोटं कसं बोलायचं हे मी दोन दिवस ठरवत होते. शेवटी बसमध्ये म्हणाले, "मी आता मावशीकडं राहणारय, बारामतीला. मावशीची तब्येत बरी न्हाय. सोबत लागतीय."

"किती दिवस?"

"म्हायत न्हाय."

तिनं वही मिटली. "मग फिजिक्सचं कसं करायचं गं?"

"जुने पेपर सोडव. अडलं की फोन कर."

सकाळी वर्गात तासाला तास लागलेला असायचा, तिथं शंका विचारायला वेळ मिळायचा नाही, म्हणून तिनं फोन केले. पहिल्या आठवड्यात रोज, मग दोन दिवसांआड. मी दोनदा उचलले, बाकीच्या वेळी क्लासमध्ये होते. संध्याकाळी तिला परत फोन करायचं मी टाळायचे, कारण मग मावशीची चौकशी व्हायची. माझी मावशी ठणठणीत होती आणि रोज सकाळी घरासमोर सडा घालत होती.

तिला कळलं ते एका रविवारी. भूगोलाची वही न्यायला बारामतीला आले होते, असं तिनं नंतर वर्गात सांगितलं. क्लासच्या जिन्यातून मी उतरत होते, हातात छापील पेपरांचा गठ्ठा, सोबत चार मुली. ती समोर रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी हात वर केला नाही, तिनंही केला नाही. तिनं पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि स्टँडकडे चालू लागली.

सोमवारी ती वर्गात आली, माझ्या शेजारी बसली नाही. तास संपल्यावर माझ्या बाकापाशी आली आणि एक वही ठेवली. वनस्पतींच्या शरीरक्रियांचं पूर्ण प्रकरण होतं, तिनं महिन्यापूर्वी करून देते म्हटलेलं. आकृत्यांसकट, लाल-निळ्या पेनानं, शेवटी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी.

"सांगितलं हुतं म्हणून दिलं," ती म्हणाली. "आता न्हाय."

मी ती वही परत द्यायला हवी होती. मी दिली नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तीच वाचली.

मला पुरेसे गुण पडले. एमबीबीएसला नाही, पण आयुर्वेदाला, खाजगी कॉलेजात जागा मिळाली. तिच्या फिजिक्सनं तिला इतकं खाली ओढलं की कुठलीच यादी तिच्यापर्यंत पोचली नाही. बायोलॉजीत ती माझ्या पुढे होती, हे मला दुसऱ्याच मुलीनं सांगितलं.

मी सरांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी एक पेढा उचलला आणि खाल्ला नाही, टेबलावरच्या कागदावर ठेवला.

"ती येऊन गेली परवा," ते म्हणाले. "मी विचारलं, फिजिक्स का सोडलं होतंस? म्हणाली, माझाच निर्णय होता, सर."

त्यांच्या मागे काचेच्या बरण्यांत बेडूक आणि मासे पांढरे पडून तरंगत होते. मला वाटलं आता विचारतील, झेपणार नाही असं ती तुला खरंच म्हणाली होती का? त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमचे दोघींचे कागद मी वेगळे केले होते. एकसारखे करायचे असते तर मी एकच केला असता."

मी आयुर्वेदाला गेले. ती बी.एस्सी. करत राहिली. मग एम.एस्सी., मग बी.एड., असं कानावर यायचं. तिसऱ्यांदा नीट देणार होती, पण दिली नाही. मी सुट्टीत गावी आले की बस भवानीनगरला थांबायची आणि मी मोबाइल बघत राहायचे.

गेल्या वर्षीपासून मी इंदापुरात एका खाजगी दवाखान्यात काम करते. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड. ऊस तोडताना हात कापलेले, शुगर वाढलेले, पाय सुजलेले. एका सकाळी केसपेपरवर मी आडनाव वाचलं आणि वर बघितलं तर तिचे वडील चाकाच्या खुर्चीत होते. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते ते, आता निवृत्त. शुगरमुळे टाचेला जखम झाली होती. खुर्ची तिनं ढकलत आणली होती.

"नमस्कार डॉक्टर," ती म्हणाली.

ती बावड्याला दिलेली आहे आणि तिकडच्याच एका कॉलेजात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. वडील महिनाभर तिच्याकडे राहायला आले होते. हे सगळं तिच्या वडिलांनी सांगितलं, मी ड्रेसिंग करत असताना. त्यांना काही माहीत नव्हतं. "हिच्या डब्यातलं तू जेवायचीस, आठवतंय का बाय?" ते म्हणाले. "मी हिला म्हनतो, तुझी मैत्रीण डॉक्टर झाली, तूपन झाली असतीस. तर म्हनती, आबा, माझं पोरींना शिकवायचंच ठरल्यालं हुतं."

जखम मी साफ केली. कडेचा मेलेला भाग काढला, पट्टी बांधली. माझे हात व्यवस्थित चालले. मग नर्सला त्यांच्याजवळ बसवून मी तिला बाहेर औषधांच्या खिडकीपाशी गाठलं.

"मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोला की."

"तू मला अहो-जाहो नको करू."

मी एका दमात सगळं सांगितलं. स्टँडवरचं, फॉर्मचं, सरांशी व्हरांड्यात काय बोलले ते. झेपणार नाही असं मी तिच्या नावावर खपवलं होतं, हेही. "तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं," मी म्हणाले. "तुझं सगळंच माझ्यामुळं गेलं."

ती ऐकत होती. मग तिनं औषधांची पिशवी खांद्याला अडकवली.

"एवढं वजन हुतं व्हय तुझं माझ्यावर?" ती म्हणाली. "मी काय लहान पोर हुते का? तू म्हनलीस आन् मी ऐकलं. फॉर्मवर सही माझी हाय. समज, मला फिजिक्स मिळालं असतं तरी मी पास झाले असते का, हे तुला म्हायती न्हाय, मलाबी न्हाय. तू माझं आयुष्य बिघडवलंस असं तू घोळवत बसलीयस, अन् मी रोज सकाळी उठून साठ पोरांना शिकवतीय. तुला वाटतं तसलं माझं काय बिघडलेलं न्हाय."

"मग राग—"

"राग हाय. पन त्याचा न्हाय. मावशीचा." तिचा आवाज वाढला नाही. "मी तुझ्या मावशीसाठी आईला आडुळशाचा काढा करायला लावला हुता. बाटलीत भरून, त्या रविवारी घेऊन आले हुते. त्यासाठी आले हुते मी बारामतीला. वही न्यायला न्हाय."

"मला माफ कर," एवढंच तोंडातून आलं.

"न्हाय," ती म्हणाली. "तू माफी मागणार, मी व्हय म्हननार, आन् तू मोकळी. मला ते जमनार न्हाय. आबांच्या पायाचं सांग, पट्टी कधी बदलायची?"

मी सांगितलं. एक दिवसाआड. पाय भिजवायचा नाही, चप्पल मऊ पाहिजे. तिनं ते एका कागदावर लिहून घेतलं, तिच्या त्याच स्वच्छ अक्षरात, आणि आत जाऊन आबांची खुर्ची ढकलत पार्किंगकडे गेली. आबांनी मागे वळून मला हात केला.

एक दिवसाआड ते आले नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत. टाचेची जखम अशी सोडता येत नाही. बोटापासून सुरू होतं आणि पुढे कुठवर कापावं लागेल हे आमच्याकडे रोज दिसतं. केसपेपरवर नंबर होता. तो मी दोनदा डायल करून बंद केला आणि तिसऱ्यांदा लागू दिला.

"अकलूजला दाखवलं," ती म्हणाली. "तितं बरं पडतंय आमाला. जखम भरत आलीय."

मागे तिच्या वर्गाचा आवाज येत होता, बाकं सरकवल्याचा. मी शुगर किती आहे ते विचारलं. तिनं सांगितली. ठीक होती. मी म्हणाले, बरं. ती म्हणाली, तास हाय, आणि फोन ठेवला.